क्लोनडॉकिनमधली विरळणी

मित्रांनो, मी एक जुनी खुरपी आहे. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही, पण माझ्या पात्याला नाव ठेवणारा अजून जन्मायचाय. सेलूच्या लोहाराने ट्रकच्या मोडक्या पाट्यातून मला ठोकून काढलं आणि बाभळीची मूठ बसवली. चाळीस वर्षं मी लताबाईंच्या हातात बाजरी खुरपली, कापूस खुरपला. बांधावरच्या बाया मला मागून न्यायच्या आणि बाई दहा अटी घालून द्यायच्या.

मे महिन्यात बाई मुलाकडे डब्लिनला, क्लोनडॉकिनला आल्या. मला त्यांनी जुन्या साडीत गुंडाळून बॅगेत घातलं होतं. इथे घरांपुढे नुसतं डांबर. मागच्या उन्हाळ्यात ते इतकं तापलं, की समोरच्या ऐंशी वर्षांच्या नूलाबाई घरातच चक्कर येऊन पडल्या. म्हणून वसाहतीने वर्गणी काढून त्यांच्या भिंतीलगत इवलंसं जंगल लावलं होतं. हातभर रोपं, अगदी खेटून. वसाहतीतल्या मुलांनी आपापल्या रोपाला चिठ्ठी बांधली होती. चिठ्ठ्या इंग्रजीत. बाईंना आणि मला, दोघींनाही वाचता येईनात.

"पेरलंय का सांडलंय?" बाई म्हणाल्या. "एवढी शिकलेली माणसं, आणि विरळणी ठाऊक नाही."

घरची मंडळी कामावर, शाळेत गेली आणि आम्ही दोघी उतरलो. एक रोप ठेवायचं, दोन काढायची. नूलाबाईंना वाटलं, आम्ही तण काढतोय. त्या खिडकीतून हात हलवून "ग्रँड, ग्रँड" म्हणाल्या. आम्हाला ती शाबासकी वाटली. खोटं कशाला बोलू, मी फुगले होते.

संध्याकाळी सून श्रावणी आली. ढीग पाहून ती वाकून एकेक रोप उचलू लागली.

"आई, हे काय केलंत?"

"विरळणी. तुमच्या कंप्युटरात नसते ती."

"मुद्दाम दाट लावली होती, आई. दाटीत माती ओली राहते, रोपं चढाओढीने वर जातात."

नात ईशानी ढिगात हात घालून शोधत होती. तिने एक चिठ्ठी वाचली. "आजी, धिस वन वॉज माइन."

"लावू गं परत, भरपूर पाणी घालू," बाई म्हणाल्या.

लावली. मुळं उन्हात वाळून गेली होती, एकही जगलं नाही. नवी रोपं थंडीतच मिळतात. जूनमध्ये पाऊस रुसला आणि उघड्या मातीत उरलेलीही एकेक करून गेली. जुलैत डांबर पुन्हा तापलं. नूलाबाई पुन्हा पडल्या. गाडी येऊन त्यांना घेऊन गेली. त्यांच्या खिडकीचा पडदा अजून उघडलेला नाही.

बाईंना कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते, तर त्यांनी चार सुनावले असते आणि जरा मोकळ्या झाल्या असत्या. गावी परत जाताना त्यांनी ईशानीची चिठ्ठी माझ्या मुठीला बांधली आणि मला सिंकखालच्या कपाटात ठेवून गेल्या.

आता मला गंज चढतोय. मित्रांनो, मला घासू नका, धारही लावू नका. दुसऱ्याने लावलेल्यात हात घालण्याआधी त्याला विचारा, एवढंच. आम्ही संध्याकाळपर्यंत थांबलो असतो, तर विचारायला सगळं घर होतं.

चिठ्ठी अजून मुठीला आहे. ती मला अजूनही वाचता येत नाही.