गॅसचं पानी

"थे मशीन आजच्या आज उचला, वयनी. नाई तं मी पाईप कापून टाकीन." देवराव धुऱ्यावर उभा राहून बोलून राहिला होता, निंदनाऱ्या बायांसमोर.

देवराव माहा चुलत दीर. संत्र्याचे दोघांचे बगीचे लागून, मधात फक्त धुऱ्याचा बांध. माहा वर, त्याचा उताराले. नातं सांगा लागते म्हनून सांगते, नाई तं त्याच्या अंगनात मी पाय ठेवत नाई.

भांडनाचं कारन माह्या सुनेनं, प्राजक्तानं आनलेलं मशीन. थे हवेतला ऑक्सिजन काढून टाकीतल्या पान्यात सोडते. बुडबुडे इतके बारीक का पानी दुधावानी दिसते, आन थेच ठिबकानं झाडाले जाते. मुळाले हवा भेटली का फळ भरते, म्हने. मलेही पटलं नोतं. पर माहा मृग बहार, म्हनजे पावसाळ्यातल्या फुलाचं फळ, झाडावर होता, फळ लिंबाएवढं होऊन अडकलं होतं. मशीन लावलं आन महिन्याभरात फळानं अंग धरलं. देवरावच्या पोटात दुखाले तेवढं पुरलं.

"गॅसनं मुळं जळतीन," थो म्हने. "उतारानं पाझरून माह्या झाडाईले लागन. वरूडच्या व्यापाऱ्यालेही सांगतो, हे गॅसची संत्री होय म्हनून."

"खुशाल सांगा. पर पाईपाले हात लावू नका."

त्याचा आंबिया बहार. त्यासाठी महिन्यापासून त्यानं बगीच्याले ताण देल्ला होता, म्हनजे पानी पार बंद. झाड असं सुकवलं, तवा कुठं जानेवारीत पानी सोडल्यावर थे फुलावर येते. मधातच पानी बसलं का झाड फूल सोडून नुसती पालवी फोडते. आमच्याकडं हे लेकरालेही माईत हाये.

त्याच आठवड्यात प्राजक्ताच्या भावाचं लग्न अकोल्याले. वावरात विजेची लाईन दिवसाची होती, म्हनून मोटार ऑटोवर ठेवली; लाईन आली का आपोआप सुरू, गेली का बंद. दिवस निघाला तसे आमी सगळे निघालो.

आमची पाठ फिरली आन देवरावनं धुऱ्याजवळ मोठा पाईप कापला. तवा लाईन नोती, पाईप कोरडा. मंग आपल्यावर नाव येऊ नाई म्हनून हा शहाना अकोटले पोरीच्या घरी जाऊन बसला. नऊ वाजता लाईन आली. दोन दिवस, नऊ ते पाच, माहं पानी उतारानं त्याच्या बगीच्यात बसलं.

तिसऱ्या दिवशी आमी अकोल्याहून परतून, बगीचा पाहून चहा घेऊन राहिलो होतो, तं देवराव अंगनात. पाय पोटऱ्यापर्यंत चिखलानं भरले होते.

"तुमच्या गॅसच्या पान्यानं माहा ताण मोडला. नुसकान भरून द्या."

"बसा, भाऊजी. थे पानी तुमच्या बगीच्यात आलं कसं?"

"पाईप फुटला असन."

प्राजक्तानं पाईपाचा तुकडा त्याच्यासमोर ठेवला. "फुटलेला पाईप चिरते, काकाजी. हा आरीनं कापेल हाये."

"मले काय माईत? मी अकोटले होतो."

"आमी निघालो त्या दिवशी किती वाजताच्या गाडीनं गेलते?" मी इचारलं.

थो पायाचा चिखल पुसाले लागला. मले त्याची दया नाई आली. खरं सांगते, बरं वाटलं. माह्या झाडाईले दोन दिवस पानी नोतं, खालच्या ओळीतलं फळ गळून पडलं होतं.

"नवा पाईप आना आन सोता जोडून द्या," मी म्हटलं. "नाई तं हा तुकडा घेऊन मी चावडीवर बसते."

संध्याकाळच्या आत पाईप जुळला. गावभर सांगाचं त्यानं काही सोडलं नाई. वयनीच्या गॅसच्या पान्यानं माहा बगीचा बिघडवला, हेच गाऱ्हानं जाईल तिथं. ऐकून लोक पाहाले येतात. यंदा अख्ख्या शिवारात सगळ्यात हिरवा बगीचा त्याचाच हाये, पानापानाले तेज, आन फूल एक नाई.

लोक धुऱ्यावर उभे राहून पालवी पाहतात. परवा त्यातले तिघं माह्या अंगनात आले, मशीन कुठं भेटते थे प्राजक्ताले इचारून गेले.