पावडरीचा हट्ट

माझ्या नणंदेने पावडरीची बाजू घेतली, त्या दिवसापासून मला त्यांचा संशय यायला लागला.

संशयी म्हणून माझं घरात नाव आहेच. असू दे. ज्या घरात कुणीच संशय घेत नाही, त्या घराला कुणीही येऊन टोपी घालतं.

मी आणि नणंद, म्हणजे ताई, आम्ही दोघी चेहरे रंगवायचं काम करतो. वाढदिवस असो, शाळेची जत्रा असो, नाहीतर दुकानाचं उद्घाटन. बोलावणं आलं की घडीच्या दोन खुर्च्या, आरसा आणि रंगांची पेटी घेऊन आम्ही हजर. पोरांचे वाघ करायचे, पोरींची फुलपाखरं करायची, आणि ज्यांना दोन्ही हवं असतं त्यांची समजूत काढायची. हे सगळं मला ताईंनी शिकवलं. लग्न होऊन आले तेव्हा मला सरळ रेघसुद्धा मारता येत नव्हती. ताईंची रेघ म्हणजे रेघ. वाघाची मिशी त्या एका दमात ओढायच्या, पोर मध्येच शिंकलं तरी ती वाकडी व्हायची नाही.

पाण्यात भिजवायच्या रंगाच्या वड्या सोडून ही बाई कशाला हात लावत नसे. पावडरीला त्या ‘आळशांचा रंग’ म्हणायच्या. स्पंजावर घ्यायची, गालावर थापायची, झालं काम. आणि आता शाळेच्या मोठ्या जत्रेचं काम मिळाल्यावर त्याच म्हणाल्या, “या वेळी सगळे रंग पावडरीचे घेऊ.”

“सगळे?”

“सगळे. वाळायची वाट बघायला नको. पोरं चुळबुळ करतात, ओला रंग फिसकटतो. पावडर लावली की बसली.”

कारणं खरी होती, आणि तेच मला खटकलं. लपवाछपवी करणारा माणूस कारणं नेहमी चांगलीच शोधून आणतो. कुठेतरी पाणी मुरत होतं.

पहिला संशय दुकानदाराचा. नाटकाचं सामान विकणारा तो माणूस ताई दिसल्या की गल्ला सोडून उठतो. मला मात्र ‘डब्यांना हात लावू नका’ म्हणतो. त्याचं आणि ताईंचं काहीतरी साटंलोटं असणार. त्यात पावतीवर सही करायची वेळ आली की ताई पेन माझ्याकडे सरकवायच्या. “तूच कर.” म्हणजे कागदावर आपलं नाव नको. वर, कामावर गेलं की त्या नुसतं अस्तर, म्हणजे खालचा सपाट रंग, लावायच्या आणि रेघा माझ्या गळ्यात मारायच्या. “तुला सवय व्हायला हवी,” म्हणे.

सवय कशासाठी? मला सोडून जायचं असेल तरच ना? त्या दुकानदाराबरोबर वेगळं काहीतरी थाटणार असतील. त्यांच्यावाचून मला हे काम करायचंच नव्हतं.

“ताईला सरळ विचार ना,” नवरा म्हणाला.

“सरळ विचारून सरळ उत्तरं मिळाली असती तर जगात पोलीस कशाला लागले असते?”

तो पेपरात तोंड घालून बसला. बहिणीचा विषय निघाला की त्याला पेपर फार आवडतो.

मग मीच पावडरीचे नमुने घरी आणले आणि हातावर पट्टे ओढून बघितले. पिवळा मऊ बसला. नारिंगी त्यात असा मिसळला की जोड दिसेना. काळा मात्र चुलीतल्या राखेसारखा फिका, आणि बारीक रेघ काही केल्या निघेना. रेघेवर जीव टाकणाऱ्या बाईला हा रंग आवडेल? कुणी काहीही सांगावं आणि मी ऐकून घ्यावं का?

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आल्या, तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर दोन्ही प्रकारचे रंग मांडून खिडकीसमोर बसले होते. आमचा एक नियम आहे आणि तो ताईंचाच आहे: नवा रंग आधी एकमेकींच्या तोंडावर, मग लोकांच्या पोरांच्या.

“काढा वाघ,” मी म्हणाले. “एक गाल पावडरीचा, एक गाल वडीचा. मग ठरवू.”

“मी माझ्या हातावर लावून बघितलंय. काही होत नाही.”

“नियम तुमचा आहे, ताई. नाहीतर त्या दुकानदाराला काय शब्द दिलाय ते सांगा.”

त्यांनी स्पंज उचलला. पावडरीचा गाल त्यांनी बघता बघता केला. इतका सुरेख की मला रागच आला. मग त्यांनी वडी भिजवली, ब्रश घेतला आणि म्हणाल्या, “डोळे मीट.”

मी मिटले. ब्रश गालाला टेकला आणि उचलला गेला. पुन्हा टेकला. डोळ्याखाली आला तेव्हा त्याचं टोक थडथड उडत होतं, पापणीला लागत होतं. रागाने करतायत, असं मला वाटलं. मी डोळे उघडले.

ताईंनी डाव्या हाताने स्वतःचं उजवं मनगट गच्च धरलं होतं. तरी तो हात थरथरत होता.

आरशात बघायची गरज नव्हती, तरी मी बघितलं. मिशी कुठेच सरळ नव्हती.

“कधीपासून?” मी विचारलं.

“वर्ष होईल. आधी फक्त करंगळी होती.” त्यांनी ब्रश खाली ठेवला. “गोळ्या चालू आहेत. डॉक्टर म्हणतात कमी होईल. जाईल असं काही म्हणत नाहीत. पोरांच्या डोळ्याजवळ ब्रश न्यायची मला भीती वाटते. स्पंजाचं तसं नाही. स्पंजाने मला अजून काम करता येतं.”

मला भयंकर लाज वाटली. लाज वाटली की मी आधी चिडते. “मग सांगायचं ना! मी तुम्हाला काय काय समजत होते.”

“माहीत आहे. दुकानदार, त्याचं कमिशन. तुझ्या पोटात काही राहतं का? तुझ्या चेहऱ्यावर सगळं दिसत होतं.”

“आणि तरी गप्प बसलात?”

“चोर समजत होतीस तोवर माझ्याशी भांडत तरी होतीस,” ताई म्हणाल्या. “आता भांडायची नाहीस. जपशील.”

भांडण तर काढायलाच हवं होतं. मी टेबलावरची डबी उचलली.

“पावडरीतला काळा अगदी टाकाऊ आहे,” मी म्हणाले. “तो मी घेणार नाही.”

“बघ,” ताई म्हणाल्या. “किती हळू बोललीस.”