भिंतीपलीकडची कोठी

मी एक जुनी पत्र्याची कोठी आहे. धान्य साठवायची. उंचीने तुमच्या कमरेला लागेन, अंगाने चांगली गोलमटोल. सध्या एका बंद घराच्या कोपऱ्यात उभी आहे. इथे कुणी येत नाही. म्हणून मित्रांनो, तुम्ही भेटला आहात तर चार शब्द बोलून घेते.

मला घडवणारा कारागीर फारसा बोलत नसे. सांध्यांना डाख देऊन झाल्यावर त्याने मला उन्हात आडवं धरलं आणि आत डोकावून पाहिलं. कुठूनही उजेड शिरत नाही अशी खात्री पटली, तेव्हा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "जा, पोटभर राहा." मला वाटलं, आता आयुष्यभर असंच होणार.

चटया विणणाऱ्या एका बाईने मला विकत घेतलं. तिचं घर म्हणजे एक खोली आणि पुढे ओटा. ती ओट्यावर विणायची, आत तिची लहान मुलगी आणि मी. नवरा दूर रस्त्याच्या कामावर होता, जमेल तसे पैसे पाठवायचा. बाईच्या हातात कसब होतं. गिऱ्हाईकं चटईवरून हात फिरवून "वा!" म्हणायची.

पण चटईला लव्हाळा लागतो, आणि तो नदीकाठी वर्षातून एकदाच कापला जायचा. तेव्हा घेतला तर वर्षभर काम, नाहीतर हातावर हात. विकणारा उधारीचं नाव काढू देत नसे. बाईपाशी असायचे ते धान्याचे पैसे. ती एकदा माझ्याकडे बघायची, एकदा दारातल्या भाऱ्यांकडे. दरवर्षी भारेच घरात यायचे आणि मी रिकामी राहायचे. चटया विकून हाती काही येईपर्यंत मायलेकी अर्धपोटी.

एकदा ती पतपेढीत जाऊन आली. चपला काढता काढता मुलीला म्हणाली, "साहेब विचारतात, तारण काय ठेवणार? मी म्हटलं, हे दोन हात. तर हसले."

"हात ठेवून घेतले असते, तर तू विणलं कशाने असतंस गं?" मुलीने विचारलं.

बाईला हसू आलं. पण पुन्हा ती त्या दारात गेली नाही.

सगळ्यांत अवघड असायची संध्याकाळ. भिंतीपलीकडे कपडे शिवणारी एक बाई एकटीच राहायची. तिला आपली अवस्था कळू नये म्हणून आमची बाई रोज माझं झाकण मोठ्याने उघडायची आणि रिकाम्या मापाने माझा तळ खरवडायची. खर्र, खर्र. जणू चांगलं भरभरून काढते आहे. थोड्या वेळाने पलीकडूनही तसाच आवाज यायचा. बाई कान देऊन ऐकायची आणि म्हणायची, "बरं आहे बाई त्यांचं."

मित्रांनो, भरलेल्या कोठीत माप असं वाजत नाही. ते दाण्यांत मुकाट बुडतं. पलीकडे माझ्यासारखीच एक कोठी रिकाम्या पोटी उभी आहे, हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. पण पत्र्याला वाचा कुठली? एकाच भिंतीला दोन्हीकडून पाठ लावून आम्ही उभ्या होतो, दोघी एकेकट्या.

एके दिवशी मुलगी तापाने फणफणली. दुसऱ्या दिवशी ताप उतरला आणि ती "आई, भूक लागली" म्हणाली. घरात दाणा नव्हता. बाई बराच वेळ उंबऱ्यात घुटमळली, मग वाटी पदराखाली धरून शेजारी गेली. भिंत पातळ होती, मला सगळं ऐकू आलं.

"ताई, मूठभर धान्य द्याल? लेकीपुरतं. आठवड्यात परत करते."

मग झाकण उघडल्याचा आवाज आला.

"बघ तूच," शिवणारी बाई म्हणाली. "शाळा उघडायच्या आत गणवेशाचं कापड घेऊन ठेवावं लागतं. सगळे पैसे त्यातच गेले."

"आणि रोज संध्याकाळी...?"

"तुझा आवाज ऐकू यायचा. मला वाटलं, आपलाही जायला हवा."

दोघी आधी हसल्या. मग हसण्याचा आवाज बदलला. शेवटी शिवणारी बाई उठली, कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे आपली चांगली कात्री ठेवून धान्य घेऊन आली. त्या दिवशी तिघी आमच्याच घरी जेवल्या.

जेवताना कळलं, की गल्लीत अशी आणखी घरं आहेत. थोड्याच दिवसांत पाचजणी मिळून पतपेढीत गेल्या. परत आल्यावर बाई मुलीला हातवारे करून सांगत होती, "साहेब म्हणाले, एकमेकींना जामीन राहाल का? ताई म्हणाल्या, एकमेकींपासून लपवायचं होतं ते लपवून झालंय, आता काय घाबरायचं!"

त्या वर्षी लव्हाळा कर्जातून आला आणि धान्याचे पैसे धान्यालाच राहिले. माझ्यात पहिलं पोतं रिकामं केलं, तेव्हा दाणे इतक्या जोरात कोसळले की मी थरथरले. मुलीने कोपरापर्यंत हात आत खुपसला आणि तसाच ठेवला. पुढे सगळं सोपं झालं असं नाही. एका वर्षी शिलाई मशीन मोडलं, तेव्हा ताईंचा हप्ता बाकीच्या चौघींनी भरला. आमच्या बाईने त्या महिन्यात जपून वाढलं, पण उपाशी कुणी राहिलं नाही.

वर्षं गेली. मुलगी शिकली, दूर नोकरीला लागली. ताई एका हिवाळ्यात गेल्या. बाईच्या बोटांना विणणं जमेना, तेव्हा मुलगी तिला न्यायला आली.

"आई, तिथे पिशवीतून हवं तेवढं मिळतं. ही तिथल्या दारातून तरी जाईल का?"

बाईने मला आतून कोरडं पुसलं. खूप वेळ पुसत होती. मग दाराला कुलूप लागलं.

आता तळाशी गंज धरतोय. पलीकडूनही काही ऐकू येत नाही. मित्रांनो, भांडी पुसून ठेवा, धान्याला ऊन दाखवा, हे तुम्हाला घरचे सांगतीलच. मी दुसरंच मागते. शेजाऱ्याला "जेवलात का?" असं विचाराल, तेव्हा तो चटकन "हो" म्हणेल. लगेच निघू नका. जरा वेळ बसा.