जिन्यावरची सभा

निबंधक साहेब, आमच्या इमारतीचा जिना न पाहताच तुम्ही आमची सभा बेकायदा ठरवलीत. सोसायटीच्या अध्यक्षांचं ऐकून घेतलंत, आम्हाला साधं विचारलंही नाहीत. मला कायदा कुणी शिकवलेला नाही. उपविधी मी स्वतः वाचले. तुम्हीही वाचले असते तर हे लिहायची वेळ आली नसती.

माझी आत्या चौथ्या मजल्यावर राहते. घर तिच्या नावावर आहे. गुडघे गेलेत, लिफ्ट बंद, त्यामुळे वर्षभर ती खाली उतरली नव्हती. लिफ्ट दुरुस्त करायची तर सभेचा ठराव हवा. आणि सभा दरवेळी अध्यक्षांच्या दिवाणखान्यात, तळमजल्यावर. वरची म्हातारी माणसं उतरू शकत नाहीत, कोरम होत नाही, मग नियमाप्रमाणे अर्ध्या तासाने कोरमशिवायच तीच चार टाळकी बसून लिफ्टचा विषय पुढे ढकलतात. तळमजल्यावरच्या माणसाला लिफ्ट कशाला हवी?

यंदा मात्र त्यांच्या घरात रंगकाम निघालं. म्हणून नोटिशीत त्यांनी लिहिलं, सभा इमारतीच्या सामाईक जागेत होईल. त्यांच्या मनात पार्किंग होतं. पण जिनाही सामाईकच की. मी दारोदार सांगत सुटले, चौथ्या मजल्यावर बसायचं. अध्यक्षांनाही आदल्या दिवशी सांगितलं. ते नुसते हसले.

आत्याने दारात खुर्ची टाकली, ठेवणीतले कपडे घातले. बाकीचे पायऱ्यांवर. तिसऱ्या मजल्यावरचे आजी-आजोबा आपल्याच उंबऱ्यात बसले.

"माझा आवाज पोचतोय का गं खाली?" आत्याने विचारलं.

"तुमचा कधी नाही पोचला?" आजी म्हणाल्या. अख्खा जिना हसला.

तळातून अध्यक्ष ओरडले, "अहो, सभा खाली आहे."

"तूच ये वर," आत्या म्हणाली. "चहा टाकलाय."

आले बिचारे. तिसऱ्या मजल्यावर फतकल मारून बसले. पहिल्या मजल्यावरच्या शिंपीकाकांनी त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, "काय अध्यक्ष, आजही पुढे ढकलायचा का विषय?"

कोरम कधीच भरला होता. लिफ्टच्या ठरावाला सगळ्यांनी हात वर केले, मी मोजले. अध्यक्षांनीही केला, पण तो 'जरा थांबा' म्हणायला, दम लागला होता म्हणून. ते मत मी धरलं नाही. कायद्याने वागायचं ठरवलं होतं ना.

लिफ्ट सुरू झाली त्या दिवशी आत्या उगाचच खाली-वर करत राहिली. प्रत्येक मजल्यावर दार उघडून विचारायची, "येतंय का कुणी?" कुणालाच कुठे जायचं नव्हतं, तरी सगळे तिच्याबरोबर चढले-उतरले.

आणि आता तुमचा हुकूम. जागा चुकीची, ठराव रद्द, लिफ्ट बंद ठेवा. आम्ही ती बंद केलेली नाही, करणारही नाही. सोमवारी आत्या तिच्यातूनच उतरून तुमच्याकडे येते आहे. तुमचं कार्यालय तळमजल्यावर आहे, मी पाहून ठेवलंय. तिला तोंडावर एवढंच सांगा. जिना आमच्या सगळ्यांचा आहे की नाही?