वैष्णवीची बारा मिनिटं

वैष्णवी माझी धाकटी जाऊ. तिला साधं दूध मापायलाही मीच शिकवलं, हे आधीच सांगून ठेवते. आमच्या गावात, अनसिंगात, कुणाचं काही अडलं की लोक म्हणतात, "गोमतीबाईले विचारा." वैष्णवीला विचारा, असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

त्या दिवशी वाशीमच्या कॉलेजातली निकिता आली. माणूस विचार कसा करतो, याचा तिचा अभ्यास. तिनं आमच्या ओसरीवर आठ, पाच आणि तीन लिटरच्या बरण्या मांडल्या. आठची पाण्यानं भरलेली, बाकी दोन रिकाम्या. दुसरं माप न घेता बरोबर चार लिटर वेगळं काढायचं. अट एकच, मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहायचं. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू.

मी दोन मिनिटांत चार लिटर काढून दाखवले. तोंडातून एक शब्द नाही.

"काकू, बोला ना. काय विचार करून राह्यल्या?"

"बोलू काय? हाताले समजते."

माझ्या रेकॉर्डिंगमध्ये नुसतं पाणी आणि बांगड्या.

मग वैष्णवी बसली आणि मी दूध तापवायला आत गेले. बारा मिनिटं तिची टकळी चालू होती, आत नुसता आवाज येत होता. दोनदा चुकली म्हणे, दोनदा पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. शेवटी कसंबसं जमलं. आणि निकिता म्हणते, "वैष्णवीताई, हे तर सोनं आहे! कॉलेजात सगळ्यांना ऐकवते. सोमवारी तुमीबी या."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन मिनिटांवाली घरी आणि बारा मिनिटांवाली कॉलेजात! उथळ पाण्याला खळखळाट फार. संध्याकाळी हे ऐकून शेजारची सुंदरबाई आली ती थेट वैष्णवीकडेच. "वैष्णवे, माह्यी शिलाई मशीन काहून धागा तोडते, पाह्य बरं." मी तिथंच बसले होते.

दुसऱ्या दिवशी निकिता गावातली बाकीची घरं करून परत निघाली, तेव्हा बसथांब्यावर मी तिला गाठलं. "पोरी, तिले उत्तर मीच सांगतलं होतं आधी."

सपशेल खोटं. निकिताचा चेहरा उतरला. "मंग तिचं रेकॉर्डिंग बाद करा लागते. पन एकदा ऐका आन् सांगा, कोनतं तुमी सांगतलेलं हाय ते." तिनं मोबाइल माझ्या कानाशी धरला.

"थांब वैष्णवे, घाई नोको करू. बाई काय करतात? बाई आधी लहान माप भरतात... चुकलं. बाई असत्या त काय म्हनल्या असत्या? भरलेलं नोको पाहू, जागा किती उरली ते पाह्य, असं म्हनल्या असत्या. तीनच्या बरनीत जागा किती उरली? एक लिटर. बराबर बोलल्या बाई..."

मला बाईच म्हणते ती. शब्द माझेच, खेकसण्याची ढबसुद्धा माझी. ऐकून होईतो बस येऊन उभी राहिली.

"मंग काकू, बाद करू?"

"नोको. खोटं बोलली मी. तिचं तिनंच काढलं."

बस गेली. मी घराकडे निघाले, आणि खरं सांगते, जळणं काही थांबलं नाही. तिचं अडलं की विचारायला तिच्या डोक्यात मी आहे. माझं अडलं की माझ्या डोक्यात कोणीच नसतं.