मुखपृष्ठावरचं नाव

"सातव्या कादंबरीतल्या घोडीचं नाव काय?" बाळासोंनी वहीतून डोकं वर न काढता विचारलं.

विजयमालाबाईंनी शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि टरफलं पिशवीच्या कोपऱ्यात ठेवली. एसटी कराड सोडून इस्लामपूरच्या रस्त्याला लागली होती. पुढे एक ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत निवांत चालला होता आणि मागची सगळी वाहतूक त्याच्या मागून वरातीच्या चालीनं सरकत होती.

"चंद्री," उत्तर बाळासोंनीच दिलं. "आन् तिसऱ्या कादंबरीत शिलेदार मांडवातनं का पळतो?"

"आवं, भायेर बगा की. ऊसतोड कुटवर आलीय."

"अगं पन कुनी इचारलं तर काय सांगशील?"

"काय तरी सांगीन."

ते 'काय तरी' ऐकून बाळासोंनी वहीचं पान उलटलं. गेल्या बत्तीस वर्षांत 'सौ. विजयमाला भोईटे' या नावानं चौदा कादंबऱ्या निघाल्या होत्या. सगळ्या विनोदी, ऐतिहासिक आणि प्रेमाच्या. एकमेकांचं तोंड बघायला तयार नसलेला शिलेदार आणि पाटलाची लेक, मध्ये एखादी अडेल घोडी, दोन भांडकुदळ आत्या, आणि नाही नाही म्हणत शेवटच्या पानावर लग्न. वाचनालयांतून ही पुस्तकं बायका हातोहात नेत. पण त्या चौदांमधली एक ओळसुद्धा विजयमालाबाईंनी लिहिलेली नव्हती.

लिहिणारे होते हवालदार क्लार्क बाळासो भोईटे. पहिली कादंबरी त्यांनी सीमेवर, स्टोव्हच्या उबेला बसून, रेशनच्या जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर लिहिली. प्रकाशकानं घेतो म्हणून कळवलं तेव्हा मात्र त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मिशा राखणारा हवालदार लाजऱ्या नायिकेचं वर्णन लिहितो हे पलटणीत कळलं असतं, तर पेन्शनीपर्यंत सुटका नव्हती. त्यांनी फॉर्मवर बायकोचं नाव आणि रहिमतपूरचा पत्ता घातला. पुढे सवय पडली. पुढे पेन्शनही सुरू झाली, तरी नाव तेच राहिलं. बायकोनं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही, आणि बाळासोंनी तिची संमती गृहीत धरली. तिनं ती पुस्तकं उघडून तरी बघितली असतील का, याची त्यांना शंकाच होती.

सत्काराची निमंत्रणं येत. "बाईंना बरं नाही," असं उत्तर बाळासो स्वतःच सुरेख अक्षरात पाठवत. या वेळी मात्र आष्ट्याच्या महिला वाचक मंडळाच्या राजेश्वरीताईंचा फोन आला तेव्हा बाळासो दाढी करत होते. फोन विजयमालाबाईंनी उचलला आणि "येते की," म्हणून ठेवून दिला. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून बाळासो तासभर बोलत राहिले. त्या मेथी निवडत राहिल्या.

आता बायका काय विचारतील आणि ही काय सांगेल, या काळजीनं त्यांचा जीव टांगणीला लागला होता. बोलण्यात एक चूक झाली की चौदा पुस्तकांचं हसं होणार होतं, आणि मांडीवरच्या पिशवीतल्या पंधराव्याचंही. त्याचं बाड परत येताना इस्लामपुरातून प्रकाशकाला कुरियर करायचं होतं. पहिल्या पानावर नेहमीप्रमाणे नाव घालून तयार होतं.

"ह्ये येवडं तरी पाठ कर," त्यांनी वहीचं पान पुढे धरलं. "नायिका नकार का देती आसं इचारलं, तर म्हनायचं, नकारातच प्रेमाची खरी गोडी असते."

"बरं," म्हणून विजयमालाबाईंनी शेंगांची पुडी पुढे केली.

आष्ट्याच्या वाचनालयात साठ-सत्तर बायका जमल्या होत्या. बाळासोंनी मागच्या रांगेत, पाण्याच्या जारजवळची खुर्ची धरली. शाल झाली, नारळ झाला. चौदाच्या चौदा पुस्तकं टेबलावर मांडलेली होती आणि त्यांतल्या काहींच्या पुठ्ठ्यांना चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या. इतकी वाचून वाचून फाटलेली आपली पुस्तकं बाळासोंनी पहिल्यांदाच पाहिली. ऊर भरून आला, आणि तो भरल्याचं कुणाला सांगायची सोय नव्हती.

राजेश्वरीताई शाळेत मराठी शिकवत. त्यांनी माईक पुढे केला.

"ताई, तुमचं स्वतःचं सगळ्यांत आवडतं पात्र कोणतं?"

बाळासोंनी डोळे मिटले.

"सातव्यातली चंद्री," विजयमालाबाई म्हणाल्या. "घोडी हाय, पन मनाला यील तिकडंच जाती."

हॉलमध्ये हशा उसळला. बाळासोंनी डोळे उघडले.

"आणि घरातून पाठिंबा कसा होता? मिस्टरांचा?"

"ते काय, माघं बसल्यात." सगळ्या माना वळल्या. बाळासोंना उठून उभं राहावं लागलं. "त्येंच्याबिगर येक अक्षर झालं नसतं."

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, असा नवरा मिळायला नशीब लागतं. कानाच्या पाळ्या तापलेल्या बाळासोंनी नमस्कार केला आणि ते पटकन खाली बसले.

मग दुसऱ्या रांगेतून राहीबाई उठल्या. वय पंचाहत्तरीचं, डोळ्यांची ऑपरेशनं झालेली. नातसुनेकडून त्यांनी सगळी पुस्तकं वाचून घेतली होती.

"आवं बाई, मला येकच सांगा. तुमच्या ह्या पोरी शेवटच्या पानापातुर न्हाई न्हाई का करत्यात? मानूस चांगला हाय, दिसायला बरा हाय, पोरीच्या बी मनात हायच. मग येवडा जीव का खायाचा त्येचा?"

बाळासो खुर्चीत पुढे सरकले. गोडी, त्यांचे ओठ हलले. नकारातच प्रेमाची खरी गोडी.

विजयमालाबाईंनी माईक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग टेबलावरच्या पुस्तकांकडे बघितलं.

"मला बगायला पावणं आलं," त्या म्हणाल्या, "तवा त्येंनी माज्या बाला इचारलं, चुलत्याला इचारलं, मामाला इचारलं. जेवनात काय करनार ते आचाऱ्याला इचारलं. मी दाराआड हुबी हुते. मला कुनी इचारलं न्हाई. न्हाई म्हनले नसते मी. पोरगा आवाडला हुता मला. पन इचारलं आसतं, तर व्हय म्हनाय मिळालं आसतं."

त्यांनी टेबलावरचं एक पुस्तक हातात घेतलं.

"ह्या पुस्तकातल्या पोरींचं बरं हाय. त्यास्नी कुनी तरी पन्नास डाव इचारतंय. आपल्याला येवडं कुनी इचारतंय म्हनल्यावर लगीच व्हय कोन म्हनंल? आजून येकदा इचारू दे की, आसं वाटत आसंल त्यास्नी."

राहीबाई उभ्याच होत्या. त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"खरं हाय बाई," म्हणाल्या आणि बसल्या. मग टाळ्या सुरू झाल्या, त्या बराच वेळ थांबल्या नाहीत. बाळासोंचं टाळ्या वाजवायचं राहूनच गेलं. चौदा कादंबऱ्या लिहून जे त्यांना कळलं नव्हतं, ते बायकोनं पाण्याच्या जारपर्यंत ऐकू येईल इतक्या स्वच्छ आवाजात सांगितलं होतं.

नंतर पुस्तकांवर सह्यांसाठी रांग लागली. प्रत्येकीला नाव विचारून विजयमालाबाई सावकाश, ठसठशीत सही करत होत्या.

इस्लामपूरच्या स्टँडवर उतरले तेव्हा तीन वाजत आले होते. शेजारच्या रसवंतीत घुंगरांचा आवाज चालला होता. कुरियरचं दुकान समोरच दिसत होतं, पण बाळासो रसवंतीच्या बाकावर बसले. नेहमीच्या सवयीनं "दोन, बर्फ घालून," असं त्यांच्या जिभेवर आलं होतं. ते थांबले.

"बर्फ घालायचा का गं तुज्यात?"

विजयमालाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. "नगो. दात ठनाकत्यात."

"कवापास्नं?"

"लय वरसं झाली."

रस आले. बाळासोंनी ग्लास हातात धरून ठेवला.

"तू वाचलीस व्हय सगळी पुस्तकं?"

"मग? नाव माजं हाय. त्याखाली काय छापलंय ते बगाय नगो?" त्यांनी एक घोट घेतला. "पयलं पार्सल आलं, तवा तुमी पंजाबात हुता. पोस्टमननं पिटाच्या गिरनीत सगळ्यांम्होरं फोडलं. पलटनीत हसत्याल म्हनून माजं नाव घातलंसा, व्हय न्हवं? गिरनीत मला हसत्याल ह्ये न्हाई आलं ध्यानात?"

"हसल्या?"

"म्हैनाभर. मग त्याच मागाय लागल्या, पुडचं कवा यील म्हनून."

"मग मला बोलली न्हाईस त्ये?"

"तुमी दिवाळीला रजेवर आलासा. म्हनलं, आता इचारतील. ईस दिवस हुतासा. जाताना म्हनालासा, दुसरं लिवायला घेतलंय."

बाळासोंनी ग्लास खाली ठेवला. ते दार, ती आड उभी राहिलेली मुलगी त्यांना लख्ख आठवली. तिची हिरव्या काठाची साडी आठवली. त्यांनाही ती तेव्हाच आवडली होती, आणि तेही तिला सांगायचं राहूनच गेलं होतं. एवढी वर्षं शिलेदारांच्या तोंडून तेच बोलत आलो, हे आत्ता कळून त्यांना स्वतःचंच हसू आलं आणि वाईटही वाटलं.

त्यांनी पिशवीतून बाड काढलं. पहिल्या पानावर 'सौ. विजयमाला भोईटे' असं वळणदार अक्षरात होतं. खिशातलं पेन काढून त्यांनी त्या नावावर एक सरळ रेघ मारली.

"आवं! काय करताय?"

"हे बग," बाळासो बाकावर ताठ झाले. कमांडिंग ऑफिसरपुढेही ते कधी एवढे ताठ झाले नव्हते. "ह्या पुस्तकावर तुजं नाव घालू का?"

रसवंतीच्या घाण्यातून ऊस करकरत गेला. विजयमालाबाईंनी रेघ मारलेलं नाव वाचलं, मग नवऱ्याचं तोंड. ओठांशी आलेलं हसू त्यांनी पदराआड दाबलं, उरलेला रस सावकाश संपवला आणि ग्लास बाकावर ठेवला.

"इच्यार करून सांगते."

बाळासोंच्या कादंबऱ्यांत नायिकेच्या या उत्तरानंतर लग्न लागायला आणखी दीडशे पानं तरी लागत. त्यांनी पेनाला टोपण लावलं, बाड पिशवीत परत ठेवलं आणि रसवंतीवाल्याला आणखी दोन सांगितले, दोन्ही बिनबर्फाचे.

"आन् आजून येकदा इचारलं तर?" ते म्हणाले.

"इचारून बगा की."