आजीचा आवाज

हॅलोमावशींनी कानांवर हेडफोन चढवला आणि त्या तिसरीच्या वर्गातल्या इवल्याशा खुर्चीवर अवघडून बसल्या. वर्गाचे सर हात बांधून समोर उभे राहिले, जणू परीक्षा त्यांचीच होती.

मावशींचा उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला, म्हणून हे नाव. निवृत्तीनंतर गावच्या शिक्षण प्रतिष्ठानाने त्यांना समितीवर घेतलं होतं. सरकारी शाळेतल्या शिक्षकांना वर्गासाठी लागेल ते प्रतिष्ठान पुरवी. या सरांनी मदत मागितली पुस्तकांसाठी आणि आणला रेकॉर्डर. समितीत कुजबुज झाली. एकदा बघून या, असं अध्यक्षांनी मावशींना सांगितलं. मावशींकडे वेळच वेळ होता.

हेडफोनमधली, सरांनी रेकॉर्ड केलेली गोष्ट एका कुटुंबाची होती. आई, बाबा, आजी, सगळ्यांचे आवाज सरांनीच काढले होते. मागे कुठेतरी नळ ठिबकत होता. भांड्याचा आवाज नाही, पावलांचा नाही, कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. आयुष्यभर तारेपलीकडची घरं ऐकलेल्या मावशींनी डोळे मिटून घेतले.

गोष्ट संपून मावशींनी हेडफोन काढला, तसे सर सांगू लागले. अर्ध्या मुलांना अजून वाचता येत नाही, घरी वाचून दाखवायला कुणाला सवड नाही. पुस्तकं कपाटातच राहिली असती. समितीला विचारायला हवं होतं, ते मात्र चुकलं.

“समितीचं मी बघते,” हेडफोन बाजूला ठेवत मावशी म्हणाल्या. “पण तुमची आजी फसलीय. मिशा असल्यासारखी बोलते.”

सर ओशाळले. “घरात दुसरं कुणी नाही ना.”

“माझ्याही,” मावशी म्हणाल्या, आणि उगाच पदर सारखा करू लागल्या.

समितीत त्यांनी सरांची बाजू लावून धरली. रविवारी रिकाम्या शाळेत त्या आजी व्हायला गेल्या. पहिलं वाक्य घोगरंच निघालं. दोन दिवसांत त्या कुणाशी बोललेल्याच नव्हत्या. मग मात्र आवाज असा लागला की सर वाचायचं विसरून ऐकत राहिले. गोष्ट संपल्यावर एकट्यापुरतं काय शिजवायचं, असा विषय निघाला. बटाटे आधी उकडायचे की कच्चेच परतायचे, यावरून दोघांची चांगलीच जुंपली. उन्हं कलली तेव्हा कुठे ते उठले.

आठवडा सरता सरता सरांचा फोन आला. ते चाचरत होते.

“रेकॉर्डर बंद करायचा राहिला होता. मुलं गोष्ट सोडून शेवटच ऐकतायत.”

“कुठला शेवट?”

“आपलं बटाट्यांवरून भांडण. पुसून टाकू का?”

मावशी काही बोलल्या नाहीत. पूर्वी लाइनवर इतकी शांतता पसरली, की त्या कनेक्शन तोडून टाकत.

“पुढचा भाग कधी, म्हणून विचारतायत,” सर म्हणाले.

मावशींनी गॅस बारीक केला.

“रविवारी, म्हणावं,” त्या म्हणाल्या. “या खेपेला कांद्यावरून.”